बुद्धनगरचा ब्रेड

पौर्णिमा कांबळेला "नको" म्हटलं की ती "का?" म्हणायची, आणि उत्तर पटलं नाही तर जे करायचं ते करून मोकळी व्हायची. भिसेगावातल्या बुद्धनगरात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. तिची आई विठाबाई म्हणायची, "ही पोटात होती तवाच लाथा मारून बोलायची." नवरा हात उचलायला लागला तेव्हा वर्षाच्या आत ती बॅग घेऊन माहेरी आली, ती परत गेली नाही. कर्जतच्या एका दवाखान्यात आयाचं काम करता करता तिनं नर्सिंगचा कोर्स केला. आणि तिशी उलटल्यावर एक दिवस जेवताना तिनं सांगून टाकलं, की ती जपानला चाललीय. तिकडे म्हाताऱ्या माणसांचं करायला बाहेरून माणसं नेतात, पनवेलला भाषेचा वर्ग आहे आणि त्यात नावही घातलंय.

धाकटा भाऊ कपिल भडकला. "लोकांचं हागणंमुतणं काढायला एवढ्या लांब जायचं?"

"मग इथं मी काय अत्तर शिंपडत होते काय रं?" पौर्णिमा म्हणाली, आणि तिनं आमटी वाढून घेतली.

तिला मिळालं ते डोंगराच्या पायथ्याचं लहानसं शहर. हिवाळ्यात गुडघाभर बर्फ. वृद्धाश्रमाच्या मागेच कामगारांच्या खोल्या होत्या. तिच्या खोलीत सोबतीला आली रुचिता, पनवेलच्या त्याच वर्गातली, चौक गावची. रुचिताच्या घरी भातशेती होती आणि वडिलांचं, गजाकाकांचं, जुन्या हायवेवर किराणा आणि चहाचं दुकान. इकडे असत्या तर त्या दोघी एकमेकींच्या चुलीपर्यंत गेल्या असत्या की नाही, कोण जाणे. तिकडे चूलच एक होती, आणि तीही विजेची.

भाताची ददात नव्हती. रुचिता दोन्ही वेळा भात खाऊन खूश असायची. पौर्णिमाचं अडायचं ते सकाळी. भिसेगावात तिची सकाळ रात्रीच्या चपातीशिवाय उजाडली नव्हती. चपातीचा तुकडा चहात बुडवायचा, तोंडात टाकायचा आणि कामाला लागायचं. पहिल्याच आठवड्यात तिनं कुठूनसं पीठ मिळवून चपाती भाजायला घेतली, तर धुरानं छतातला भोंगा वाजायला लागला आणि सपाता फटफटवत वृद्धाश्रमाचे साहेब धावत आले. चपाती बंद झाली.

मग राहिला ब्रेड. तिथला ब्रेड दिसायला देखणा होता, पांढराशुभ्र आणि जाड जाड कापलेला. पण मुठीत दाबला तर त्याचा लिंबाएवढा गोळा व्हायचा. आणि चहात बुडवला तर चहा आणखी गोड व्हायचा आणि ब्रेड कपातच राहायचा.

"हा ब्रेड नाय, उशी हाय," पौर्णिमा म्हणाली.

तेव्हापासून तिचा शोध सुरू झाला. 'अख्खा गहू' हे जपानी अक्षरांत कसं दिसतं ते तिनं पाठ केलं. सुट्टीच्या दिवशी दुकानांमागून दुकानं पालथी घालायची, पाकीट उचलायचं, उलटं करायचं, वाचायचं आणि परत ठेवायचं. पुढे ठळक अक्षरांत अख्खा गहू, आणि मागे बारीक अक्षरांत सगळ्यात आधी मैदा, मग साखर, मग लोणी, आणि अख्खा गहू शेवटाकडे, पाहुण्यासारखा. भाषेच्या परीक्षेत ती कशीबशी काठावर पास झाली होती, पण ब्रेडच्या पाकिटावरचं बारीक अक्षर ती धडाधड वाचायची. रुचिता हसायची, "ताई, तुला यातच नोकरी मिळंल."

कुणीतरी सांगितलं की शेजारच्या गावात एक बेकरी आहे, तिथं खरा गव्हाचा ब्रेड मिळतो. दोघी बसनं गेल्या. ब्रेड रंगानं छान तांबूस होता. पौर्णिमानं एक घास खाल्ला आणि बेकरीवाल्याला विचारलं, यात गहू किती? तो सज्जन माणूस होता. थोडा आहे, म्हणाला, रंग गुळासारख्या साखरेचा आहे. मग सगळाच गव्हाचा करून द्या की, मी दर आठवड्याला घेईन, पौर्णिमा म्हणाली. त्यानं मान तिरकी केली, दातांतून हवा आत ओढली आणि म्हणाला, "मुझुकाशी." मुझुकाशी म्हणजे कठीण. पण तिथं कुणी कठीण म्हणालं की त्याचा अर्थ 'नाही' असाच घ्यायचा, हे एव्हाना तिला कळलं होतं.

दोघी बसनं परतल्या. उतरल्यावर पौर्णिमा म्हणाली, "मीच करते."

जुन्या वस्तूंच्या दुकानात तिला ब्रेड करायचं यंत्र मिळालं. डब्यासारखं असतं ते, आत पीठपाणी घातलं की मळतं, फुगवतं, भाजतं. नेपाळी माणसाच्या दुकानातून ती चक्कीचा आटा घेऊन आली. पहिला ब्रेड इतका घट्ट झाला की रुचितानं तो टेबलावर आपटून आवाज ऐकला. दुसरा मधोमध बसला. पण पौर्णिमा हटली नाही. कोंड्यासकट पीठ जास्त पाणी पितं, मळण्याआधी त्याला भिजत ठेवावं लागतं, घाई केली की रुसतं, हे तिला चुकत चुकत कळलं. आणि एका सकाळी खोलीभर असा वास सुटला की रुचिता पांघरुणातूनच म्हणाली, "घरी आल्यावानी वाटतंय गं."

खालच्या खोलीतल्या माणसानं तक्रार केली, वर धडधड होते म्हणून. साहेब आले. त्यांनी यंत्राकडे बोट दाखवून मान हलवली. पौर्णिमानं तोडक्यामोडक्या भाषेत विचारलं, "भात शिजवायचा डबा चालतो, मग हा का नाही?" दातांतून हवा आत ओढत साहेब म्हणाले, "मुझुकाशी."

"मला माहितीय त्याचा अर्थ," ती म्हणाली. "पण मी कठीण कामं करायलाच आलेय इथं."

साहेबांना हसू आलं. तिनं यंत्राखाली घोंगडीच्या घड्या घातल्या आणि खालचा माणूस कामावर गेला की मगच बटण दाबायचं ठरवलं. पुन्हा तक्रार आली नाही. पुढची सगळी वर्षं दोघी एकाच ब्रेडचे तुकडे मोडून खात राहिल्या. रुचिता म्हणायची, "ताई, गेल्यावर हाच धंदा कर. आमच्या दुकानात ठेव. मुंबई-पुण्याच्या गाड्या थांबतात आमच्याकडं."

पाच वर्षांची मुदत संपली. रुचितानं तिथली मोठी परीक्षा दिली आणि ती राहिली. पौर्णिमा परतली. परक्यांच्या आईबापांचं करून झालं होतं. इकडे वडिलांचे, धर्माजींचे, गुडघे गेले होते. कपिलला वाटलं, आता ताई घरावर मजला चढवेल. ताईनं भट्टी घेतली, आणि कपिल स्कूटर लावायचा त्या मागच्या खोलीत बसवली.

विठाबाईला ते पटेना. "बायका इचारतात, जपानहून येऊन पोरगी पाव भाजते काय?"

"भाजते म्हणून सांग."

"अगं, ब्रेड आजाऱ्याचं खाणं."

"म्हणून तर आजारी पडतात. तू आधी खाऊन बघ."

विठाबाईनं चहात बुडवून खाल्ला आणि दुसरा तुकडा घेतला.

पौर्णिमानं कागदी पाकिटं छापून घेतली. अख्ख्या गव्हाचा ब्रेड. मैदा नाही, रंग नाही, साखर नाही. खाली नाव, पौर्णिमा धर्माजी कांबळे, आणि पत्ता, बुद्धनगर, भिसेगाव, कर्जत. सुट्टीला कर्जतला येणारे बंगलेवाले घ्यायला लागले, दवाखान्यातले ओळखीचे घ्यायला लागले. मग एक दिवस पाकिटांचा क्रेट स्कूटरला बांधून ती चौकला गजाकाकांकडे गेली.

गजाकाकांनी तिला मायेनं बसवलं. तुकडा मोडला, हुंगला, खाल्ला. "रुचिता सांगायची तसाच हाय. झकास." मग पाकीट उलटसुलट करून पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"पौर्णिमा, एक करशील? ही खालची ओळ काढ. नुसतं कर्जत लिही."

"का काका?"

"मी मानत नाय गं तसलं काय. पण गिऱ्हाईक सगळ्या तऱ्हेचं. पाकिटं पडून राहिली तर नुकसान तुझंच. आन् नाव पण एखादं इंग्रजी ठेव, बेकरीला शोभतं."

पौर्णिमानं पाकिटावर बोट ठेवलं. "काका, तिकडं पाकिटावर अख्खा गहू लिहायचे आन् आत मैदा घालायचे. मी ते वाचून वाचून परत ठेवलं. आता माझ्याच पाकिटावर खोटं लिहू?"

"खोटं कुठं? थोडं कमी लिही, एवढंच."

"ते पण तेच करायचे काका."

गजाकाकांनी पाकीट खाली ठेवलं. त्यांनी चहा मागवला. पौर्णिमा पुढच्याच बाकावर बसून सावकाश चहा प्यायली, कप खाली ठेवला, क्रेट उचलला आणि निघाली.

पौर्णिमानं रुचिताला फोनवर सगळं सांगितलं. रुचिता म्हणाली, "बाबा वाईट नायत गं ताई."

"वाईट असते तर सोपं होतं."

"मग काढ ना ती ओळ. धंदा तरी सुरू होईल."

हे मात्र पौर्णिमाला लागलं. गजाकाकांचं बोलणं तिनं पचवलं होतं. हे पचेना. "माझ्या ब्रेडचा तुकडा मोडून खात होतीस तेव्हा तू पत्ता विचारला नव्हतास," ती म्हणाली आणि तिनं फोन ठेवला. पुढे कित्येक दिवस दोघींपैकी कुणीच फोन केला नाही.

हे कळल्यावर कपिल चार पोरं घेऊन गजाकाकांच्या दुकानावर जायला निघाला होता. पौर्णिमानं त्याला दारातच अडवलं. "भांडण नको रं. मला एक टेबल पोचव."

गजाकाकांच्या दुकानाच्या बरोबर समोर, रस्त्यापलीकडे, लडकूचं पंक्चरचं गॅरेज होतं. त्यानं आपल्या पत्र्याखाली जागा दिली. "माझ्या टायरींच्या वासात तुझा ब्रेड खपंल काय गं?" त्यानं विचारलं.

"बघू की."

तिनं फलक लावला. जी ओळ काढायला सांगितली होती, तीच सगळ्यात मोठ्या अक्षरांत: बुद्धनगरचा ब्रेड.

सुरुवातीचे दिवस कठीण गेले. एका गाडीतून उतरलेल्या माणसानं पाकीट हातात घेतलं, वाचलं, खाली ठेवलं आणि हात पँटला पुसले. "पाकीट बंद हाय दादा," पौर्णिमा शांतपणे म्हणाली, "तुमाला काय लागलेलं नाय." तो मान खाली घालून गाडीत बसला. उलट खोपोलीचा एक जण फलक बघून थांबला, "जय भीम ताई" म्हणाला आणि न बघताच पाच पाकिटं उचलायला लागला. तिनं त्याच्या हातातली चार काढून घेतली. "जय भीम दादा. आधी एक न्या. चव आवडली तर बाकीची." तो पुढच्या आठवड्यात आला आणि पाच घेऊन गेला.

दिवाळीच्या सुमारास रुचिता रजेवर आली. एका दुपारी पौर्णिमानं मान वर केली, तर रुचिता रस्ता ओलांडत होती, आणि तिचा हात धरून तिची आई मोतीबाई. दुकानात उभे असलेले गजाकाका बघत होते. रुचिता जवळ आली. "ताई, मी फोनवर बोलले ते..."

"झालं आता. ये."

मोतीबाईनं मात्र आडपडदा ठेवला नाही. "माझी पोर इतकी वर्षं तुझ्या हातचं खात होती. मला साखरंचा आजार, मला कुणी दिलं नाय. दे इकडं." तिनं पाकीट फोडलं, तुकडा मोडला आणि भर हायवेवर उभ्या उभ्या खाल्ला. चावत चावतच ती नवऱ्याकडे बघत होती.

रुचिता परत जाण्याआधीच एक दिवस गजाकाका स्वतः टेबलापाशी आले. इकडचं तिकडचं बोलले. मग म्हणाले, "दुकानात ठेव. हाय तसंच पाकीट."

"ठेवीन," पौर्णिमा म्हणाली. "पण पुढच्या फळीवर, पत्ता रस्त्याकडं करून."

गजाकाकांनी मान डोलावली, आणि शब्द पाळला. गावातली दोन घरं त्यानंतर त्यांच्याकडचं दूध बंद करून दुसरीकडून न्यायला लागली, हे त्यांनी पौर्णिमाला सांगितलं नाही. मोतीबाईनं सांगितलं.

आता टेबल काढ, असं कपिल म्हणाला. दुकानात खपतोय, मग टायरींच्या धुळीत कशाला बसायचं?

"दुकानातला ब्रेड काकांच्या मर्जीनं हाय," पौर्णिमा म्हणाली. "उद्या फिरली, तर? टेबल ऱ्हाऊ दे."

ते अजून तिथंच आहे. काही दिवशी दुपारीच सगळा ब्रेड संपतो. काही दिवशी उरतो, तो घरी येतो आणि विठाबाई तव्यावर शेकून सगळ्यांना वाढते.