मोटेच्या कातड्यावर बसलेली टाकी

"मिस्त्री, काटा टाकी भरेल दावून राहिला अन् टाकी कोरडी. मधलं पेट्रोल कोण प्यालं?"

सेनगावकडचे जमीनदार देशमुख मालक माझ्या हिंगोलीच्या गॅरेजात उभे होते. मोटार बैलांनी ओढत आणली होती. ड्रायव्हर किसन बाजूला मान खाली घालून उभा. लढाईचे दिवस, पेट्रोल कूपनावर. चोरून विकणारे ड्रायव्हर होतेच, तेव्हा मालकांचा निकाल लागून गेला होता.

"आज याला घरी धाडतो."

"मालक, म्या थेंब न्हाई काढला," किसन म्हणाला.

मी चावी फिरवली. डॅशबोर्डवरचा काटा तडक 'फुल'वर गेला. टाकीत तुराटी, तुरीची वाळली काडी, घालून पाहिली, कोरडीच निघाली.

"मालक, काटाच खोटं बोलतोय."

"इलायती काटा हाय. तो काहून खोटं बोलंल?"

किसन खोटं बोलू शकतो, काटा नाही, असा न्याय होता. मला राग आला, पण गिऱ्हाईक होतं.

टाकीत एक तरंगता डबा असतो, फ्लोट. तो खालीवर होतो तसा करंट कमीजास्त होतो आणि काटा हलतो. करंट टाकीपर्यंत वायरीने येतो. परतीला वायर नसते. टाकीच्या पत्र्यातून तो चासीत, गाडीच्या लोखंडी सांगाड्यात, उतरतो आणि बॅटरीकडे जातो. या परतीच्या वाटेला आम्ही अर्थिंग म्हणतो. ही वाट तुटली की त्या कंपनीच्या गाडीत काटा 'फुल'वर जाऊन बसायचा.

टाकीवरची वायर सोडून मी चासीला टेकवली. काटा 'एम्प्टी'वर आला. म्हणजे मीटर बरा, वायर बरी. मग गाडीखाली शिरलो. टाकी नव्या हिरव्या रंगात चकाकत होती. तिच्याखाली, पट्ट्यांखाली, अगदी बोल्टांखालीसुद्धा कातडं.

"हे कोणी बसवलं?"

"म्याच," मालक म्हणाले. "खंडेनवमीला गाडीची पूजा व्हती. टाकी उतरवून रंगवून घेतली. रंग खरचटू नये म्हून हिरीवरच्या जुन्या मोटेचं कातडं घातलं. लई मजबूत हाय."

मजबूत होतंच. करंटसुद्धा आरपार जात नव्हता. पेट्रोलच्या नळीलाही रबराचा जोड, म्हणजे तीही वाट बंद.

रंग खरवडून मी टाकीपासून चासीपर्यंत उघडी तार बांधली. वायर जागेवर लावली. काटा मुकाट 'एम्प्टी'वर राहिला. डब्यातलं पेट्रोल ओतलं तसा थोडा वर सरकला.

मालक बराच वेळ काट्याकडेच बघत राहिले. किसनकडे बघणं त्यांना जमत नव्हतं. शेवटी म्हणाले, "किसन, काढ गाडी."

किसन हलला नाही. त्याने माझ्या हातातली तुराटी घेतली, टाकीत बुडवली आणि ओलं टोक मालकांपुढे धरलं.

"आधी बघा, मालक."

मालकांना वाकून बघावं लागलं. मला फार बरं वाटलं.

गाडीची पूजा जरूर करावी, पण हळदकुंकू वरून लावलं तरी पोचतं. तो काटा पुन्हा बिघडला नाही. तरी गाडी निघण्याआधी किसन तुराटी पुढे धरायचा, आणि मालक वाकून बघायचे.