एका उत्तराला एक घास

आमच्या ह्यांची पलटण ब्रह्मदेशच्या लढाईवरून देवळालीला परतली, आणि हे कुणाला न विचारता कसारा घाट उतरून चालत शहापूरला घरी आले. आठ दिवस ओटीवर बसून होते. बोलावं तर नुसते बघत राहायचे. मग लष्कराचे शिपाई आले आणि पळून आलेला म्हणून त्यांना कल्याणच्या छावणीत घेऊन गेले. तिथल्या इस्पितळात पहाऱ्यात ठेवलं.

छावणीतला एक मराठी हवालदार भला माणूस होता. तो म्हणाला, कोर्टापुढे उभं करण्याआधी गोरा डॉक्टर पाच प्रश्न विचारणार, डोकं ठिकाणावर आहे का बघायला. प्रश्नही त्याने सांगितले. झालं! नवरा वेडा ठरला तर गावात तोंड कसं दाखवू, या धास्तीने मी कंबर कसली. हे पास झाले की घरी सोडतील, असं माझं मीच धरून चालले. कुणाला विचारायची अक्कल कुठे होती!

पंधरा दिवस मी रोज आसनगाव स्टेशनातून गाडीने जायचे. फडक्यात तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी. आधी प्रश्न, मग घास. तुमचं नाव काय? गुन्हा कोणता? न्याय कोण करणार? तुमच्या बाजूने कोण बोलणार? शिक्षा काय होईल? हे चुकले की मी चिडायचे, आणि लगेच जीव कळवळायचा, मग उलट मोठा घास द्यायचे.

परीक्षेला मला दाराशी बसू दिलं. हवालदार प्रश्न मराठीत सांगत होता. ह्यांनी पाचही उत्तरं खणखणीत दिली. प्रत्येक उत्तरानंतर तळहात पुढे व्हायचा, तेवढं डॉक्टरच्या ध्यानात आलं नाही. माझा ऊर भरून आला. डॉक्टरने कागदावर काही लिहिलं, तसा हवालदार माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "शहाणे ठरले, वहिनी. आता खटला चालणार."

 मी उठले आणि सरळ आत शिरले. हवालदाराला म्हटलं, साहेबाला सांगा, हे सगळं मी घोकवून घेतलंय, आता शेवटचा प्रश्न आधी विचारा. विचारला. शिक्षा काय होईल, तर ह्यांनी आपलं नाव सांगितलं आणि हात पुढे केला.

डॉक्टरने माझ्याकडे बोट करून विचारलं, ही कोण? हा प्रश्न मी शिकवलाच नव्हता. त्याची काय गरज, असं वाटलं होतं.

ह्यांनी माझ्याकडे बघितलं, माझ्या हातातल्या फडक्याकडे बघितलं. मग म्हणाले, "ह्या बाय रोज येतात. खाऊ घालतात. बऱ्या हायत."

डॉक्टरने कागद फाडला. खटला टळला, इस्पितळातच ठेवायचं ठरलं. मला रडू आवरेना. त्यांच्या शेजारी बसून मी फडकं सोडलं आणि काही न विचारता घास पुढे केला. त्यांनी तळहात पुढे केला नाही.

"आधी इचारा," म्हणाले.

मी विचारलं, तुमचं नाव काय?