भुयारातली धाकटी

माझी बहीण माझ्याहून सहा वर्षांनी मोठी आहे, आणि हे तिने मला एक दिवसही विसरू दिलेलं नाही. आता तिला दिसत नाही, तरी ती मोठीच आहे.

आंजी गावातल्या घरात आमची पुढची खोली दिवाळीनंतर कापसाने भरायची. भाव चढल्याशिवाय बाबा कापूस विकत नसत. त्यामुळे कधीकधी ऊन तापायला लागलं तरी ती खोली पार छतापर्यंत पांढरी असायची. आत जायची सक्त मनाई होती, तुडवला की कापूस खराब होतो म्हणून. दुपारी आई-बाबा झोपले की आम्ही दोघी खिडकीतून आत उतरायचो. अंगाला खाज सुटायची, मानेवर पुळ्या उठायच्या, नाकात तंतू जायचे. तिथे लोळत ताई मोठ्याने पुस्तक वाचायची आणि मी तिचे पाय दाबायचे.

हा आमच्यातला कायदा होता आणि तो तिनेच केला होता. गावच्या वाचनालयात पुस्तक मिळायचं ते तिच्या नावावर, आणि मला अजून जोडाक्षरं येत नव्हती. म्हणून वाचणारी ती आणि राबणारी मी. पाय दाबायचे, तिच्या वाट्याची भांडी घासायची, तिच्या रिबिनी धुवायच्या. काम मनासारखं झालं नाही तर ती तोंडाने रागवायची नाही. ती गोष्टीतून रागवायची.

तिचं आवडतं पुस्तक एकच होतं आणि तेच ती पुन्हापुन्हा आणायची. सुट्टीत मामाकडे आलेली भावंडं, गावामागचा किल्ला, किल्ल्यात भुयार, भुयारात खोटी नाणी पाडणारे चोर. आणि या भावंडांत एक धाकटी होती. मी भांडी चिकट ठेवली की धाकटीला भुयारात ठेच लागायची. पाय दाबताना मला डुलकी आली की धाकटीला खोकला यायचा आणि चोर सावध व्हायचे. एकदा मी ताईची चुगली आईजवळ केली. त्या दुपारी भावंडांनी धाकटीला भुयारात बसवलं, तोंडाशी दगड लोटला आणि निघून गेली.

"काऊन पन?" मी रडत विचारलं.

"तिनं चोरायले नाव सांगतलं ना," ताई म्हणाली आणि पान उलटलं.

मी जेवले नाही. आईला वाटलं, ताप आहे. दुसऱ्या दिवशी मी न सांगता दोघींची भांडी घासली, बोटं दुखेपर्यंत पाय दाबले, तेव्हा कुठे धाकटीला दगडाशेजारी एक फट सापडली. गोष्टीत जे होईल तो आपल्यासाठी निरोप आहे, हे मी तेव्हाच शिकले. ताईला वेगळं काही सांगावं लागायचं नाही. तिने वाचलं, मी समजले.

आणि तरी, हे लिहिताना माझाच मला राग येतो, ते पुस्तक मला जगात सगळ्यात लाडकं होतं. म्हणजे धाकटी लाडकी होती. गुडघे फोडून घेत ती फटीतून बाहेर यायची आणि कोणाला एक शब्द बोलायची नाही. मी पुढे सेलूच्या शाळेत आयुष्यभर मराठी शिकवलं. लग्न केलं नाही, त्यावरून नात्यातल्या बायांनी मला सोलून काढलं. वर्ध्याला स्वतःचं घर बांधलं, त्यात मिस्त्रीपासून नगरपालिकेपर्यंत सगळ्यांनी रडवलं. अशा प्रत्येक वेळी मला ती फट आठवायची, खोटं कशाला सांगू. वाचनालय तर मी नीट वाचायला लागायच्या आधीच बंद पडलं आणि पुस्तकांना वाळवी लागली. ते पुस्तक मी स्वतःच्या डोळ्यांनी कधी वाचलंच नाही. गरज काय होती, पाठच होतं.

आता ताई माझ्याकडे असते, म्हणजे या उन्हाळ्यापर्यंत असायची. भाऊजी गेले, शुगरने तिचे डोळे खाल्ले, लेक पुण्याला नोकरीत. डोळ्यांच्या दवाखान्यात दाखवायला म्हणून ती वर्ध्याला आली आणि राहिली. माझ्या घरात आल्या दिवसापासून चहात साखर कमी, वरणात मीठ जास्त, पंखा हळू आणि मी बावळट. टीव्हीचा तिला वीट आला तेव्हा म्हणाली, "वाचून दाखवत जाय न मले. आता तुई पाळी."

मला ते आवडलं, लपवत नाही. शाळेच्या मैदानावर पुस्तकांचं प्रदर्शन लागलं होतं, तिथे मी मुलांच्या टेबलाशी गेले, आणि बघते तर काय, तेच पुस्तक. नवं छापलेलं, किल्ला हिरवा आणि आकाश जांभळं. ते घेतलं आणि हाताशी लागली तशी आजकालची साहसाची पुस्तकंही घेतली. घरी आल्यावर ताईला सांगितलं नाही. बंगईवर झोके घेत एकटी बसले. धाकटीला आधी मला एकटीला भेटायचं होतं.

काय पुस्तक हो ते! चोर सगळे काळे आणि खुनशी, त्यातला एक काणा. मुलगी डबे बांधते आणि किंचाळते, मुलगे उड्या मारतात. मामा प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी चारित्र्यावर बोलतो. असो म्हटलं, लहानपणीची मिठाई म्हातारपणी तोंडात घातली की असंच होतं, धाकटी येऊ दे. मी पानं उलटत गेले. भावंडं तीनच होती. भुयार आलं, चोर आले, पोलीस आले, मामाने सगळ्यांना शिरा खाऊ घातला आणि पुस्तक संपलं. मी परत पहिल्यापासून बोट ठेवून वाचलं. आवृत्ती छाटलेली असेल म्हणून आतलं पान बघितलं, तर तिथे लिहिलेलं, मूळ पुस्तक जसंच्या तसं.

धाकटी त्यात नव्हतीच.

माझ्या अंगाची लाही लाही झाली. मुलांना मारणारे लोक मी शाळेत पुष्कळ पाहिले. पण एका पोरीला छळायला दुसरी पोरगी रचणारी बाई मी पाहिली नव्हती. आणि त्याहून वाईट म्हणजे, जिच्या जिवावर मी जन्म काढला, ती या बयेने पाय दाबून घेता घेता तोंडाला येईल तशी बनवलेली होती. पुस्तकही गेलं आणि धाकटीही गेली.

मी स्वयंपाकघरात गेले. ताई खुर्चीत बसून चहा फुंकत होती.

"ते किल्ल्याचं पुस्तक आठवते का?"

"न आठवाले काय झालं?"

"त्यात धाकटी होती का?"

ती जराही थांबली नाही. "होती की. काऊन?"

"मी आत्ता वाचलं. नाही."

"तूच नीट वाचलं नसशीन," ताई म्हणाली. "तुयं लहानपनापासून असंच."

वर त्या संध्याकाळी शेजारची बाई आली, तिला हिने काय सांगावं? "इले वाचनाची गोडी मीच लावली. मीच वाचून दाखवो इले, लय जीव लावो." बाई माझ्याकडे कौतुकाने बघत होती. मी बिस्किटांची बशी पुढे केली.

ताईने माफी मागावी असं माझं म्हणणं नव्हतं. पाया पडावं असंही नव्हतं. मला एक वाक्य हवं होतं, होय, धाकटी मी घातली होती, एवढंच. त्या वाक्यासाठी मी पुढे जे केलं ते मी थंड डोक्याने केलं.

दुपारी चहा झाला की मी तिला वाचून दाखवायला बसायची. किल्ल्याचं पुस्तक मी कपाटात टाकलं आणि नवी काढली. ही नवी साहसं मोठी मजेची असतात. पोट्टे मोबाईलवर नकाशा बघतात, ड्रोन उडवतात, आणि भांडण झालं की एकमेकांना सॉरी म्हणून टाकतात. कोणी कोणाला मागे सोडत नाही. चोरालाही शेवटी वाईट वाटतं. ताई म्हणायची, "हे काय साहस आहे? याच्यापरीस आपला भाजीबाजार बरा." तिचं खरं होतं. पण त्यात एक पुस्तक मात्र निराळं निघालं. सहलीला गेलेली चार मुलं जंगलात चुकतात, एवढीच गोष्ट. चोर नाही, खजिना नाही. तहान, अंधार आणि कोण कोणावर कसं चिडतं ते. लिहिणाऱ्याला मुलं माहीत होती. ताई पुढे सरकून ऐकायला लागली.

त्या पुस्तकात मी एक मोठी घातली.

मोठी बहीण, सगळ्यांवर हुकूम सोडणारी, आणि डोळ्याने अधू. पहिल्या दिवशी ती फक्त दगडाला अडखळली. दुसऱ्या दिवशी ताई म्हणाली, "ही मोठी काल नव्हती."

"होती," मी म्हटलं. "तूच नीट ऐकलं नसशीन."

मला फार बरं वाटलं. मग मी सुटलेच. मोठीमुळे चालायला उशीर होतो. मोठीचा हात धरून धरून सगळे दमले. सगळ्यांत जास्त पाणी मोठी पिते. मी पान उलटायची, थांबायची, पुढे वाचायची. आवाज माझा चांगला आहे, शाळेत नाटकं बसवलेली आहेत. दर दुपारी मला वाटायचं, आज ही म्हणेल, पुरे कर, मी तेव्हा धाकटी घातली म्हणून तू मोठी घालतेस. ती म्हणायची नाही. गुडघ्यांवर हात ठेवून भिंतीकडे तोंड करून ऐकायची. चहात साखर कमी असली तरी बोलेनाशी झाली, जेवण निमूट जेवायला लागली. मला ते दिसत होतं. तरी मी थांबले नाही, कारण वाक्य अजून आलं नव्हतं.

शेवटच्या दुपारी मुलांनी मोठीला नाल्याकाठी एका मोहाच्या झाडाखाली बसवलं. आम्ही पाणी घेऊन येतो म्हणाले. मोठी म्हणाली, लवकर या. मुलं चढण चढून गेली, वर त्यांना रस्ता दिसला, रस्त्यावर एसटी दिसली. मुलं एसटीत बसली.

मी पुस्तक मिटलं.

"मंग तिले घ्याले कोनी आलं का?" ताईने विचारलं.

"पुस्तक संपलं."

ती उठली. मग भिंतीला हात लावत आपल्या खोलीत गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दूध तापवत होते तर तिचा फोनवरचा आवाज आला. ती लेकाशी बोलत होती. "मले घेऊन जाय," म्हणत होती. "नाई, भांडन नाई झालं. तिनं काई म्हटलं नाई." तिने वाचलं की मी समजायची, तसं मी वाचलं आणि ती समजली होती. माझ्या ध्यानात यायला मात्र दूध उतू जावं लागलं. मला तिला टोचायचं होतं, हाकलायचं नव्हतं. पण मी तिच्याशी तिच्याच भाषेत बोलले होते, आणि त्या भाषेत टोचणं आणि हाकलणं वेगळं नव्हतं.

भाचा गाडी घेऊन आला. चेहरा आंबलेला. "मावशी, अचानक असं काय झालं?" म्हणाला. मी म्हटलं, "तिलाच विचार." ताई म्हणाली, "मायी मर्जी." बॅग भरलेलीच होती, आंधळ्या हातांनी तिने ती कधी भरली कोण जाणे. साड्या चुरगळलेल्या, औषधं वर. मी दाराशी उभी होते. जाऊ नकोस एवढं म्हणायला काय लागत होतं? पण मला वाटलं, आता तरी ती बोलेल. जाता जाता माणूस बोलतो. ती उंबरठ्याशी थांबली, माझा हात चाचपला.

"गॅस बंद करत जाय," ती म्हणाली. "तू विसरतं."

गाडी वळून गेली. त्या दुपारी मी चहा दोघींचा टाकला आणि अर्धा मोरीत ओतला.

महिना दीड महिना मी फोन केला नाही, तिनेही नाही. मग न राहवून केला. तब्येत, गोळ्या, पुण्याचा पाऊस, सगळं बोलून झालं. लेक-सून कामावर जातात, दिवसभर ती एकटी असते. मी विचारलं, "दुपारी काय करतं?"

"ऐकते. पोरानं जुन्या मोबाईलात लावून देल्लं. एक बाई पुस्तकं वाचते."

"कशी वाचते?"

"सपाट. तुया आवाजाची सर नाई तिले. पन ते आपल्या मनचं काई घालत नाई. आपन दोघी घालत होतो. तुनं मोठी घातली, मी धाकटी घातली."

भाजी काय केली ते सांगावं तसं तिने सांगितलं.

"मग मी विचारलं तेव्हा का नाही सांगितलंस?"

"तुई कीव आली," ताई म्हणाली. "एवढी बुढी झाली, शाळेत शिकवलं, अन् अजून त्याच पोट्टीसाठी रडून राह्यली. मले वाटलं, ऱ्हाऊ दे तिले तेवढी."

मला हवं ते वाक्य मिळालं होतं. घरात ते ऐकायला मी सोडून कोणी नव्हतं. शेवटी मी म्हटलं, "परत ये."

"काऊन?"

पलीकडे त्या बाईचा सपाट आवाज सुरूच होता, कोणीतरी कुठल्यातरी डोंगरावर चढत होतं.

"ठेवते आता," ताई म्हणाली. "गोष्ट पुढं चालली."