रगत पिणारी पोर आणि तिचा मामा

इकडं ये. आणखी जवळ. कान धरायला हात पोचत नाही म्हणून वहीत लिहून राहिले, पण धरलाय असंच समज. परवा फोनवर सगळं ऐकलं मी. लेकरं जेवंना झाली की तू त्यांना दटावतेस, "गिळा पटापट, न्हाईतर मावशीच्या गावची रगत पिणारी पोर येईल." आणि वर हसतेस! तुला ते तुझ्या आईनं सांगितलं, म्हणून तुझी चूक थोडी. तुझ्या आईला सांगणारी मीच. तेव्हा आता गपगुमान बसायचं आणि शेवटपर्यंत वाचायचं.

जवळा बाजारला आमच्या घरामागं पत्र्याची एक खोली होती. आधी तिच्यात कडबा आणि मोडकी तिफण पडलेली असायची. तुझ्या काकांनी ती मोकळी करून मोंढ्यात धान्याची पोती वाहणाऱ्या एका हमालाला राहायला दिली. तांड्यावरचा गडी, तिशीच्या आतबाहेरचा. भरलेलं पोतं पाठीवर घेऊन फळीवरून ट्रकात चढायचा तर फळी लवायची, हा नाही. त्याच्यासंगं त्याची भाची. बहीण बाळंतपणात गेली, मेव्हण्यानं दुसरी केली, पोर याच्या गळ्यात आली. नव्वदच्या पुढची वर्षं ती, आपला जिल्हा तेव्हा परभणीच होता.

पोर नऊ वर्षांची. अंगानं बघशील तर पाच-सहाची. वरचा जबडा पुढं आलेला, दात ओठांत मावायचे नाहीत. गालाची हाडं वर, पोट फुगलेलं, रंग राखेसारखा. दर तीन आठवड्यांनी मामा तिला एसटीनं शहरात न्यायचा. जाताना खांद्यावर टाकलेली, मान लोंबती. दुसऱ्या दिवशी यायची ती आपल्या पायानं, ओठ लाल, आणि फाटकातूनच ओरडायची, "काकू, भाकर हाय का?" मागून मामा यायचा, तो पांढराफटक.

त्यानं आम्हाला काही लपवलं नव्हतं. आल्या आल्याच सांगितलं होतं, "वहिनी, डॉक्टर म्हणत्यात हिच्या अंगात रगत बनतच न्हाई. गाडीत डिझेल टाकत्यात तसं टाकावं लागतं." रोगाचं नाव थॅलेसेमिया, ते मला पुढं कैक वर्षांनी कळलं. दवाखान्याचा नियम असा, की एक बाटली न्यायची तर बदल्यात कुणीतरी एक द्यायची. आणि माणसाचं रगत तीन महिन्यांतून एकदाच काढतात. पोरीला लागायचं तीन आठवड्याला. मग बाकीच्या खेपेला द्यायचं कुणी? तो एकदा एका शहरात द्यायचा, पुढच्या खेपेला दुसऱ्या, तिथं नाव वेगळं सांगून. हेही आम्हाला मागून कळलं. त्या वेळी आम्हाला एवढंच दिसायचं, की पोर लाल होते आणि मामा वाळतो.

लाड तर असे करायचा! मोंढ्यातून आला की दारातूनच हाक, "माझी जळू कुठाय?" ती धावत येऊन त्याच्या दंडाला दात लावायची, खोटंखोटं. तो बोंबलायचा, "मेलो, मेलो!" दोघं हसून हसून लोळायची.

आता माझं ऐक. एका दुपारी मी हळद वाळत घालायला माळवदावर गेले होते. खाली बघते तर मामा खोलीसमोर बाजेवर आडवा, डोळे मिटलेले, एक हात खाली लोंबता. पोर जमिनीवर बसलेली, त्या हाताच्या कोपराला तोंड लावून. तिनं मान वर केली तेव्हा ओठांना रगत होतं. माझ्याकडं बघितलं. पळाली नाही, तोंड पुसलं नाही, नुसती बघत राहिली. माझ्या हातातलं सूप तिथंच पडलं.

खाली उतरून विचारावं, एवढंही मला सुचलं नाही. दुसऱ्या दिवशी हापशावर जाऊन सांगितलं मात्र.

"अगं बया! तरी म्हणलं तिचे दात असे काहून!"

"आन् वाढत कुठं हाय ती? माझी धाकटी अंगणवाडीत व्हती तवा ही एवढीच व्हती. माझी चौथीत गेली की."

"म्हणून वाळून चालला त्यो. त्याला पोरगी द्यायला आलेले पाव्हणे चहा न पिता गेले, ध्यानात हाय ना?"

आणि मी, तुझी शहाणी मावशी, कमरेवर हात देऊन म्हणत होते, "माझ्या ह्या डोळ्यांनी बघितलं, बाई."

आठ दिवसांत गावभर झालं. शाळेत पोरं तिच्याजवळ बसंनात, मग तिची शाळाच सुटली. मोंढ्यात हमाल त्याला विचारायचे, "काय रे, आज किती पाजलंस?" तो पोतं टेकवून म्हणायचा, "माझं पाजतो, तुझ्या बापाचं काय जातं?" हसायचा. पण त्याला दम लागायला लागला होता. जिना चढल्यासारखा दम, बसल्या जागी.

दिवाळीच्या तोंडावर, मोंढ्यात सोयाबीनचे ढीग लागले होते तेव्हा, तो आमच्या ओट्यावर येऊन बसला. मी चहाची कपबशी देऊन आत गेले. तुझ्या काकांना म्हणाला, "भाऊ, सोमवारी एक बाटली द्या. एकच. डॉक्टरनं मला हाकलून लावलं, म्हणला तुझ्याच अंगात न्हाई. दुसरीकडं दिली तर देता येईल, पण डोळ्यापुढं अंधारी येऊन राहिली."

तुझे काका म्हणजे तालमीतलं शरीर. लगेच म्हणाले, "त्यात काय, येतो की."

मी आतून बाहेर आले. "न्हाई जायचं."

"काहून?"

"घराची चव लागंल तिला. माझ्या गळ्याची आण हाय तुमाला."

ते माझ्यावर चिडले, "येडी झालीस का?" पण आण मोडली नाही. मामा उठला. मला म्हणाला, "वहिनी, भिऊ नका. ती निस्ती माझंच पिती." हसून म्हणाला. मला त्या वेळी ते हसणं खोटं वाटलं नाही, आजही वाटत नाही. जाताना कपबशी विसळून पालथी घालून गेला.

सोमवारी त्यानं आपलीच दिली, कुठल्या गावात ते माहीत नाही. पोर लाल होऊन आली. बुधवारी सकाळी तो कामावर गेला. दिवाळीआधी कुणी घरी बसतं का? पोतं घेऊन फळीवर चढला आणि वरच्या टोकाला जाऊन थांबला. बघणारे म्हणाले, जणू काही विसरलं होतं आणि आठवत होता. मग पोत्यासकट खाली आला. मानेवर पडला. दवाखान्यात न्यायची गरज पडली नाही.

रडून रडून माझे डोळे सुजले. तुझे काका माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी मीच म्हणाले, आण सुटली, पुढची बाटली तुम्ही द्या. पोरीला मी घरात घेतलं. तीन आठवड्यांनी ते तिला घेऊन गेले, बाटली देऊन आले, आणि त्यांना काहीसुद्धा झालं नाही. संध्याकाळी दीड भाकर खाल्ली आणि बैलं पाजायला गेले.

पोर मात्र त्यांच्या मागंमागं फिरत होती. गोठ्यात, ओट्यावर, मोरीपाशी. मी म्हटलं, "काय गं, काय पाहिजे?"

"काकाला दम लागतो का बघून राहिले."

पुढच्या खेपेला तुझ्या काकांचं देणं जमणार नव्हतं, पण त्यांनी तालमीतला एक जण तयार केला होता. सकाळी एसटीची वेळ झाली आणि पोर सापडंना. सगळं धुंडाळलं. पत्र्याच्या खोलीत बाजेखाली पाय पोटाशी घेऊन पडलेली. रंग राखेवर गेलेला. ओढलं तर माझ्या हाताला चावली, खरोखर चावली.

"मला न्हाई पाहिजे."

"काहून, माय?"

"मी मामाला पिले."

"कोण म्हणलं तुला?"

"समदे म्हणत्यात. आन् मी पिले व्हते, काकू. मामा सुई टोचून आला व्हता, कापूस पडला आन् रगत येत व्हतं. त्योच मला सांगायचा, बोट कापलं की तोंडात धर, थांबतं. म्हणून मी धरलं. पण मी थुकले न्हाई. गिळलं." मग म्हणाली, "वाईट न्हाई लागलं."

बोट कापल्यावर तू काय करतेस, सांग. मी काय करते? विळीवर बोट कापलं की आधी तोंडात जातं. एवढंच होतं ते. माळवदावरून खाली उतरले असते तर दिसलं असतं. त्या बाजेखाली वाकून मला एकच सांगायचं होतं, की लेकरा, ते मी उठवलं, माझं चुकलं, तू कुणाला पिली नाहीस. ते मी सांगितलं नाही. "असं बोलू नये," म्हणाले. "चल, शहाणी ना तू," म्हणाले. गूळ देते म्हणाले. पोरीनं माझ्याकडं त्या दिवशीसारखंच बघितलं, आणि मला पुन्हा भीती वाटली. खोटं कशाला लिहू, वाटली. ती जे म्हणाली, "वाईट न्हाई लागलं," त्याचं काय करायचं ते मला अजून समजलं नाही. लेकरू खरं बोललं, एवढंच.

एसटी गेली. बाप डोंगरकड्याच्या पलीकडच्या तांड्यावर होता, त्याला निरोप धाडला. तो आला, दारातूनच म्हणाला, "पोरगीच न्हाई म्हणती, तर जबरदस्ती कशाला?" उचलून घेऊन गेला. तुझे काका दोनदा जाऊन आले. दुसऱ्या खेपेला परत आले आणि बैलगाडी न सोडताच बसून राहिले. पोर गेली, हे न विचारताच कळलं.

तुझे काका गेले तरी त्यांना मी हापशावरची गोष्ट सांगितली नाही. त्यांना वाटायचं, हमालांनी उठवलं. तुझ्या आईला मी अर्धीच सांगितली, भीतीची तेवढी. आज पहिल्यांदा पूर्ण लिहिली. लिहिणं सोपं आहे, समोर कुणी डोळे लावून बसलेलं नसतं. तोंडानं सांगायची अजून बाकी आहे, आणि माझी छाती आताशा भरवशाची राहिली नाही. म्हणून म्हणते, सुट्टीची वाट बघू नको. लवकर ये.