माशांसाठी ठेवलेलं भोक
एसी बसवायला आलेला माणूस आज भिंत चाचपत म्हणाला, “आजी, नळीपुरतं भोक तर आधीच हाय की,” आणि मला एकदम ओल्या सिमेंटचा वास आला. तेव्हा मी तरुण सून होते; गारखेड्यातलं मातीचं घर पाडून आम्ही हे स्लॅबचं बांधत होतो. जुन्या भिंतीच्या पोकळीत सातेरी माशांचं मोहोळ होतं. मध काढताना सासूबाई पिलांच्या पोळ्याला कधी हात लावत नसत. त्यांनी गवंड्याला नव्या भिंतीतही माशांसाठी भोक ठेवायला लावलं. नवा फ्रिज आल्यानं कानात वारं शिरलेली मी सगळ्यांसमोर त्यांना म्हणाले, “आत्याबाई, त्यांना बाथरूमपण काढायचं का?” त्या म्हणाल्या, “हस बाई. घर त्यांचं पाडलंय, तुझं नाय.” मग रोज त्या भोकाला मध चोळून वाट बघत बसायच्या. सातेरी आली नाही; आसपासच्या बाभळी, तिळाची शेतं प्लॉटांखाली गेली होती. एकदा मोठ्या, पिवळ्या विलायती माशा आल्या, कुणीतरी डाळिंबाच्या बागेसाठी पेट्यांतून आणलेल्या. मध चाटून निघून गेल्या. “या पाहुण्या. पेटीत साखरपाणी पितात, भिंतीत कशाला राहतील?” एवढं बोलून सासूबाईंनी मधाची वाटी धुऊन टाकली. एसीवाल्याला मी सांगितलं, हे भोक माशांचं आहे. तो हसला, थेट तेव्हाच्या माझ्यासारखा, आणि त्यानं नळी आत सारली.