‘पुट ऑफ’ शिकवणारे शिंदे सर

मांजरसुंब्याच्या फाट्यावर चहा पीत होतो, तेव्हा शाळेच्या शिपायाचा फोन आला. "शिंदे सर गेले..." चहा तसाच ठेवून मी आष्टीची गाडी धरली. महिना होत आला, तरी मन थाऱ्यावर नाही. ते इंग्रजी शिकवायचे, मी गणित. शाळा साखर कारखान्याच्या संस्थेची. दुष्काळात ऊसच राहिला नाही, कारखाना बंद पडला, शाळा तेवढी चालू राहिली.

सर डिक्शनरीतला अर्थ कधी लिहून देत नसत. क्रियापद फळ्यावर लिहायचे आणि म्हणायचे, घरातलं वाक्य आणा. ‘पुट ऑफ’ दिलं तेव्हा एकानं आणलं, आईनं माझा दवाखाना दिवाळीपर्यंत पुट ऑफ केला. हे पुढं ढकलणं. दुसऱ्यानं आणलं, मुकादमानं बापाला पुट ऑफ केलं. हे टोलवणं. सातवीतल्या शीतलनं आणलं, टँकरच्या पाण्याचा वास मला पुट ऑफ करतो. हे मन उडवणं. "आले की सगळे अर्थ! पुस्तक कशाला पायजे?" सर स्टाफरूममध्ये येऊन खूश होऊन सांगत होते.

शीतलचे आईबाप दूरच्या जिल्ह्यांत ऊसतोडीला जाणारे. दसरा आला की गाड्या लागायच्या आणि अर्धा वर्ग कोयत्यामागं निघून जायचा. त्या वर्षी शीतलची आजी वारली होती, पोरीला मागं ठेवायला घरात कुणी उरलं नव्हतं. सर तिच्या आईला म्हणाले, "कारखान्याचं गोदाम रिकामं पडलंय. तिथं पोरांची राहायची सोय करू. कारखान्याची सभा तेवढी होऊ द्या."

"मुकादम लई थांबत न्हाई, सर. पर तुमी म्हणता म्हणून थांबते."

सर कारखान्याचे सभासद होते. चार शेतकऱ्यांना सोबत घेऊन त्यांनी विषय मांडायचं ठरवलं. सहकारातली रीत जगजाहीर आहे. माणसं पुरेशी नाहीत म्हणून सभा तहकूब करायची, अर्ध्या तासानं तिथंच पुन्हा भरवायची. मग माणसं मोजावी लागत नाहीत. तहकुबी होताच चेअरमन हात जोडून म्हणाले, "सर, तवर जेवून घ्या. पंगत बसलीय." सरांना पाहुणचार मोडवेना. ते पंगतीत असताना आत सगळे विषय मंजूर झाले. गोदामाचा तेवढा पाऊसपाणी झाल्यावर घ्यायचा ठरला. हात धुऊन सर आत आले, तर सतरंज्या गुंडाळणं चाललं होतं...

"त्या माउलीला मी शब्द दिलता," एवढंच ते मला म्हणाले. शीतल गाडीत बसून गेली. उन्हाळ्यात परतली, पण शाळेत पुन्हा आलीच नाही.

पुढच्या प्रत्येक सभेला सर गेले, जेवले मात्र कधीच नाहीत. दर वेळी तेच उत्तर. मध्ये पाऊसही पडून गेला.

पटांगणात ऊन लागेल म्हणून चेअरमननी सरांची शोकसभा त्याच गोदामात ठेवली. कुलूप एका फोनवर निघालं! झाडलोट झाली, पंखे आले, पाण्याचे जार आले. अख्खी शाळा मावून मागं जागा उरली. ऊसतोडीला जाणाऱ्यांची पोरं तेवढी नव्हती, त्यांच्या गाड्या गेल्या होत्या. "सरांचं सपान आपुन पुरं करू," चेअरमन म्हणाले, "पाऊसपाणी झालं की..." लोकांनी माना डोलावल्या. मला त्या माणसाचा संताप आला. अजून येतो.

सगळे गेल्यावर वॉचमन दार ओढत म्हणाला, "शिंदे सर यायचे कधीमधी. दार उघडाया लावायचे. आत फिरून म्हणायचे, पोरं तिकडं झोपतील, पोरी हितं. हितं वारं लागतंय."

त्यानं बोट केलं तिथं चेअरमनची खुर्ची अजून तशीच होती.