वैशाखात मागितलेलं पाणी

नवस बायकोचा आणि पाय माझे, अशी आमची वाटणी झाली. मुलीचं बाळंतपण अवघड होतं. ती सुखरूप सुटली तर शिखर शिंगणापूरला अनवाणी चालत येईन, असं बायको महादेवाला बोलून बसली आणि मुलगी सुटल्यावर स्वतःचे गुडघे धरून बसली. नवऱ्याने फेडला तरी चालतो, हे शेजारच्या काकूंनी परस्पर ठरवून टाकलं. देवाचं मत कुणी विचारलं नाही, माझं तर नाहीच. नवस फिटेपर्यंत दाढी करायची नाही, हे कलम मागाहून जोडलं गेलं.

चैत्रातल्या यात्रेत त्या वाटेवर माणसांचा नुसता लोंढा असतो. मला गर्दी सोसत नाही. म्हणून यात्रा आटोपल्यावर, वैशाखात, खांद्याला झोळी अडकवून मी माधवनगरहून एकटाच निघालो. अति शहाणा त्याचा बैल रिकामा.

विटा मागे पडलं तसा ऊस संपला, मग द्राक्षबागा विरळ झाल्या आणि नुसता माळ उरला. तळपायांना फोड आले होते, बाटली रिकामी झाली होती. एका वस्तीवर पहिल्याच घरापुढे, लिंबाखाली एक लहान मुलगी भातुकली खेळत होती. मी विचारलं, "बाळ, घरात कोणी मोठं आहे का? प्यायला पाणी पाहिजे होतं." आणि तिच्या हातावर लिमलेटची गोळी ठेवली. मला साखरेचा त्रास आहे, वाटेत घेरी आली तर असाव्यात म्हणून बायकोने खिसा भरून गोळ्या दिल्या होत्या. पोरीने एकदा गोळीकडे, एकदा माझ्या दाढीकडे पाहिलं आणि गोळी टाकून किंचाळत घरात पळाली.

मला हसू आलं. ते ओसरायच्या आत समोरच्या देवळाच्या पारावरून पाच-सहा तरुण माझ्याकडे येताना दिसले.

"कुठला रं तू? झोळीत काय हाय?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्या दिवसांत सगळ्यांच्या फोनवर एक व्हिडिओ फिरत होता. साधूच्या वेशातली टोळी गोळ्या देऊन पोरं पळवते म्हणे. मेव्हण्याने तो मलाही पाठवला होता.

"शिंगणापूरला चाललोय," मी म्हणालो.

"यात्रा कवाच झाली. आता कशाला?"

"मला गर्दी आवडत नाही."

हे अगदी खरं होतं. पण त्यांच्यापुढे बोललो तेव्हा ते मलाही खोटं वाटलं. मी आधार कार्ड काढलं. एकाने फोटोवर बोट ठेवलं, "ह्याला दाढी न्हाई. ह्यो दुसराच कोन तरी हाय." बायकोला फोन लावा म्हटलं. ती दुपारी जेवली की फोन गप्प करून झोपते. रिंग वाजत राहिली.

"उचलत न्हाई. साथीदार आसंल."

आजूबाजूच्या घरांतून माणसं येत गेली. मागून कानशिलात बसली आणि चष्मा उडाला. मी भ्यालो. आयुष्यात इतका कधी भ्यालो नव्हतो. कुणाच्या तरी हातात दांडकं होतं आणि चष्म्याशिवायही तेवढं मला स्वच्छ दिसत होतं. आता आपण संपलो, आणि घरी कळायलाही संध्याकाळ होईल, एवढंच मनात येत होतं.

तेवढ्यात ती पोरगी पळाली होती त्याच घरातून एक म्हातारी कळशी घेऊन बाहेर आली. गर्दीतून वाट काढत माझ्यापाशी आली आणि दंडाला धरून तिने मला ओट्यावर बसवलं. खाली वाकून तिने माझ्या पायांवर पाणी ओतलं, फोडांवरची माती हलक्या हाताने काढली आणि पदराने पाय पुसले.

"आवं आजी, सरा मागं. पोरं पळवणारा हाय त्यो!"

"आसंल," ती म्हणाली. "महादेवाच्या वाटंवरचा म्हणून मी त्याचं पाय धुतलं. आता हाणायचं आसंल तर माझ्या वट्यावरनं वढून न्या."

त्या मुलखात पाय धुतलेला माणूस त्या घराचा पाहुणा ठरतो. त्याला हात लावणं म्हणजे त्या घराशी उभं वैर. कुणी पुढे आलं नाही. दांडकं हळूहळू खाली गेलं, माणसं कुजबुजत पांगायला लागली. एकाने चष्मा आणून दिला आणि म्हणाला, "काका, चला, फाट्यापातूर गाडीवर सोडतो." पोरगं मनापासून बोलत असावं. पण त्याच्या मागे गाडीवर बसायच्या कल्पनेनेच मला घाम फुटला. पायीच जायचंय, एवढं कसंबसं बोललो.

म्हातारीने ओट्याच्या कडेच्या चुलीवरून भाकरी आणि ठेचा आणून पुढ्यात ठेवला. दोन तांबे पाणी प्यायल्यावर मला वाचा फुटली.

"आजी, मी तसला माणूस नाही, हे तुम्हाला कसं कळलं?"

"कुठं कळलंय?" ती म्हणाली. "आजून बी न्हाई कळलं. पोरगी म्हनली, पानी मागतुया."

तेवढ्यात माझ्या पाठीमागे धपधप आवाज आला. आतून कुणीतरी दार बडवत होतं. "आजे, उघड की गं! उकडतंय!" मी वळून पाहिलं. दाराला बाहेरून कडी होती, कडीला कुलूप. म्हातारीची मूठ किल्ली बांधलेल्या पदराच्या गाठीवर आवळलेली होती.

"तू त्या वळनाच्या पल्याड गेलास की उघडते," ती म्हणाली. "लय भ्यालीया मी, बाबा. तू जेव सावकाश."

मी भाकरी भराभर गिळली, तिला लांबूनच हात जोडले आणि त्या फोड आलेल्या पायांनी वळणापर्यंत पळत गेलो.